हळू बोलायचं टरेनिंग

तालुक्याच्या कोर्टात नावं पुकारणारा एक शिपाई होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो ओरडला की आवारातली गाढवं पळत. मंग त्याले टरेनिंगले धाडलं. आठ दिवसांनी आला तो नव्या नवरीसारखा बोलायले लागला. दारात बसलेल्या जानेफळच्या माणसालेही आपलं नाव ऐकू आलं नाही.

आमची बोगस बीटी बियाण्याची केस होती. वावर बायकोच्या नावानं, म्हून पुकारा तिचाच. ती वारली, तरी कागदावर होती. मी जन्मभर तिले 'अवं' म्हटलं. बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. त्या दिवशी वकील तिचं नाव काढून माझं लावणार होते.

मी म्हटलं, "लेका, आज शेवटचं हाय. जोरात पुकार."

"बाबा, मनाई हाय. पक्षकारासंग सौम्य बोलायचं, असं शिकवलं."

"पक्षकार मेली बे! सौम्य कोणासंग बोलतं?"

तो दारात जाऊन उभा राह्यला. मंग छाती भरून ओरडला, "गिरजाबाई हाजीर होऽऽ!"

आतून जजसाहेब कडाडले, "हेच शिकून आलास काय?"

मी फाटकाकडं पाहत होतो. एवढ्या जोरात बोलावल्यावर येईलही, असं वाटलं.