रेडिओसाठी काढलेली बॅटरी

माझा धाकटा भाऊ लष्करात होता. ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेल्यापासून चार महिने त्याचं पत्र नव्हतं. आम्ही तेव्हा नेवाशाला राहत होतो. हे डॉक्टर, आणि गावात मोटार असलेली जी दोन-चार घरं होती त्यांत आमचं एक. गावात वीज नव्हती, म्हणून रेडिओ घेतला तोही मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की मी हातातलं काम टाकून रेडिओपाशी जायचे. बातम्यांत कुणा एका शिपायाचं नाव सांगत नाहीत हे मला कळत होतं, मी काही अगदीच अडाणी नव्हते. तरी त्या पेटीसमोर बसायचे ती अशी, की आता पुढचं नाव माझ्या भावाचंच येणार.

बॅटऱ्या दोन होत्या. नवी मोटारीत, जुनी रेडिओला. जुनी नगरहून चार्ज करून आणली की दोन-तीन दिवस बरी चालायची, मग रेडिओचा आवाज बसत जायचा. एका संध्याकाळी ब्रह्मदेशचं नाव आलं, "आपल्या सैन्याची" एवढं ऐकू आलं आणि पुढचं सगळं विरून गेलं. आपल्या सैन्याची काय? सरशी, माघार की कत्तल? मी रडकुंडीला आले. हे म्हणाले, उद्या दवाखान्यात कुणीतरी वर्तमानपत्र आणेल. नवी बॅटरी लावू या, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मोटारीच्या बॅटरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात गेल्यावर मी ड्रायव्हरला बोलावलं. शेतकरी घरातला पन्नाशीचा माणूस, मोटारीशीही बैलाशी बोलावं तसं बोलायचा. मोटारीतली बॅटरी रेडिओला लावा आणि ही जुनी मोटारीत टाका, असं मी त्याला सांगितलं.

"सायबांना इचारलं का, बाईसाहेब?"

"विचारलं," मी म्हणाले. इतकं सरळ खोटं मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन.

त्यानं जुनी बॅटरी हलवून पाहिली. "हिच्यात दम न्हाई. ठिनगीपुरती चालंल, हँडल मारावं लागंल. मोटार रोज पळाली तर बॅटरी भरती. पर पेट्रोलची कुपनं ही अशी, आठ-आठ दिस मोटार उभी. उभ्या मोटारीत ही मरंल."

"मोटार उभीच असते, तर नव्या बॅटरीचं तिथं काम काय?" मी त्यालाच ऐकवलं. त्या वेळी हा मुद्दा मला अगदी बिनतोड वाटला होता.

रेडिओ खणखणीत वाजू लागला. यांना वाटलं, ड्रायव्हरनं जुनीच नगरहून चार्ज करून आणली; म्हणाले, या वेळी चार्जिंग चांगलं झालंय. मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले. मधे दोनदा मोटार हँडलवर सुरू झाली आणि माझी भीड चेपली. मग दुपारी घरात एकटी असताना मी गाणीही लावू लागले. त्यात भावाच्या काळजीचा काही संबंध नव्हता, मला गाणी आवडत होती.

पुढच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला दारात बैलगाडी थांबली. गाडीत गोधडीवर एक तरुण बाई, उशाशी तिची सासू. बाई कालपासून अडली होती. यांनी गाडीतच तपासलं आणि म्हणाले, "मूल आडवं आहे. नगरला न्यायलाच हवं. मोटार काढा."

ड्रायव्हरनं हँडल मारलं. पुन्हा मारलं. इंजिन फिरायचं, पण धरायचं नाही. तो घामाघूम झाला तेव्हा यांनी हँडल हातात घेतलं, त्यांनाही दाद नाही. बाई ओरडतसुद्धा नव्हती, नुसती कण्हत होती. सासू मला विचारत होती, "काय झालं वो बाई? निघंना का?" ही बाई आपल्या दारात मरणार आणि ती आपण मारली असणार, एवढंच डोक्यात होतं.

यांनी बॅटरीवरची फळी उचलली. "ही जुनी इथं कशी आली?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं.

"म्याच बदलली, सायेब," तो म्हणाला.

हे त्याला नाही नाही ते बोलले. तो निमूटपणे आत गेला आणि रेडिओची बॅटरी सोडवू लागला. एक नट गंजला होता, तो निघता निघेना. घाईत त्याच्या हातावर ॲसिड सांडलं, त्यानं ते धोतराला पुसलं. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला. या बॅटरीतही आता कितीसं उरलंय हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि माझ्या दुपारच्या गाण्यांची माहिती फक्त मला होती. चौथ्या झटक्याला इंजिन धरलं. मोटार धुरळ्यात दिसेनाशी झाल्यावर मी ओसरीवरच बसले. आत जाऊन रेडिओकडे बघायचीही मला भीती वाटत होती.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. मोरीत हात धुताना म्हणाले, "बाई वाचली. मूल गेलं."

"बॅटरी मी बदलायला सांगितली होती."

"माहीत आहे. तो आपल्या मनानं हात लावायचा नाही."

"अर्धा तास आधी निघाला असतात तर?"

"इथं आणलं तेव्हाच मूल गेलेलं होतं," ते म्हणाले. पण माझ्याकडे पाठ करून म्हणाले, आणि हात धूतच राहिले. मी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, अशी मला धास्ती होती. ती मी त्यांच्या शेवटापर्यंत बाळगली.

ड्रायव्हरची माफी मागायला गेले, तर त्यानं चिंधी बांधलेला हात मागे घेतला आणि विचारलं, "भावाचं काय कळलं का?" भावाचं पत्र पुढच्याच महिन्यात आलं. तो धडधाकट होता, लोणचं मागत होता.

काही महिन्यांनी ती बाई सासूबरोबर आली. आता नीट पाहिलं, अठराएक वर्षांची असेल. ओच्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. तिला डॉक्टर नको होते, मोटार बघायची होती. "पोर गेलं, पर ही हुती म्हून मी हाय," असं म्हणून तिनं मोटारीला हळदकुंकू वाहिलं. ड्रायव्हर चाकाकडे बघत उभा होता. मग तोच कुंकवाचा करंडा घेऊन ती माझ्याकडे वळली. मी कपाळ पुढे केलं. तिनं कुंकू लावलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिला उठवायला माझे हात पुढे झाले नाहीत.