कमरेला खोचता येईल अशी बॅटरी : मुलुंड ते कान्हेरी

एक बॅटरी घ्यायला कुणी दोन दिवसांच्या प्रवासाला निघतं का, असं शेजारच्या वहिनींनी मला विचारलं. मी म्हटलं, "निघतं. मी निघालेय. तुम्ही तुमच्या दुधावर झाकण ठेवा, मांजर खिडकीत आलंय." शनिवारी सकाळी सात वाजता मी आणि सासूबाई दशम्यांचा डबा घेऊन घराबाहेर पडलो.

कारण सांगते. मुलुंडला नाल्यापलीकडच्या चाळीत मी संध्याकाळी बायकांना लिहायवाचायला शिकवते. अकरा जणी येतात. घरापासून पाऊण मैलाची वाट, आणि अर्ध्या वाटेवर दिव्याचा खांब नाही. गेल्या थंडीत कुणीतरी नळासाठी चर खणून तसाच ठेवला आणि मी पाट्यांच्या पिशवीसकट त्यात गेले. पाय मुरगळला, तीन पाट्या फुटल्या. पाय बरा होईपर्यंत घरात रोज तोच विषय. आमचे हे म्हणाले, "बास झालं आता. वर्ग बंद." मी म्हटलं, "बॅटरी घेईन, पण वर्ग बंद करणार नाही." घरात ह्यांची तीन सेलची बॅटरी आहे, पण ती धरायलाच एक हात लागतो. माझ्या एका हातात पाट्या, दुसऱ्यात निऱ्या. तिसरा हात देवाने दिलेला नाही.

शेवटी ह्यांनी तोडगा काढला. छोटी बॅटरी घे, पण ती आईला पसंत पडली पाहिजे. पसंत पडली तर वर्ग चालू, नाहीतर बंद. तोडगा कसला, आडकाठीच ती! "काळोखात पडतली, हातपाय मोडतली," हे महिनाभर सर्वांत जास्त वेळा कोण म्हणत होतं, तर सासूबाईच. पण मीही हट्टाला पेटले होते. म्हटलं, चला आई, तुम्हीच चला माझ्याबरोबर.

पहिला मुक्काम मुलुंड स्टेशनजवळचं दुकान. तिथे पेनासारखी बारीक बॅटरी निघाली. दिसायला झकास. कमरेला खोचून दुकानात चार पावलं टाकली, तर सुळकन घसरून पायाशी. उजेड तर विचारूच नका. सासूबाई मालवणकडच्या, बोलणं सगळं तिकडचं. त्या म्हणाल्या, "ह्या काजव्यान वाट दिसतली?" खरंच दिसली नसती. मी बॅटरी परत दिली. तुमच्यापैकी कुणी पुरुष असेल आणि फक्त जिन्यात किल्लीचं भोक शोधायचं असेल, तर ती बॅटरी घ्यायला हरकत नाही. रस्त्यासाठी घेऊ नका.

घाटकोपरला गाडीने पंधरा-वीस मिनिटांत पोचलो. स्टेशनबाहेर गरम गाठिया आणि पपईचा संभार घेतला, दोघींत चार आणे. सासूबाईंनी दोन खाल्ले आणि "ह्याच्यात मीठ सोडून काय नाय" म्हणून उरलेले सगळे संपवले. बाजारपेठेत एका कच्छी शेठच्या दुकानात काचेच्या कपाटभर बॅटऱ्या होत्या. मी म्हटलं, मुठीत मावेल अशी दाखवा. शेठने एक काढली, तिची क्लिप कौतुकाने दाखवली.

"ये खिशाला लावायची हाय बाई. तुमच्याकडे खिसा किधर हाय?"

"खिसा नाही म्हणूनच तर अडलंय, शेठ."

मग मी माझी परीक्षा सुरू केली. ज्यांना रोज जवळ बाळगायला बॅटरी घ्यायची आहे त्यांनी ती जरूर करावी, दुकानदार हसला तर हसू द्यावा. बॅटरी कमरेला खोचायची, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं, वाकायचं, खाली बसायचं, उठायचं. मग हात भरलेला असताना नुसत्या अंगठ्याने लागते का ते बघायचं. दुसरी बॅटरी खोचून मी बसले, तर तिचं बटण आपोआप सरकलं आणि लुगड्यातून उजेड यायला लागला. "पोटात दिवो पेटलो गो!" सासूबाई ओरडल्या. दुकानातली सगळी गिऱ्हाईकं वळली. शेठने तोंडावर हात धरला. माझे कान तापले, पण मी म्हटलं, "तिसरी काढा."

तिसरी जमली. दोन आखूड सेलांची, निकेलची, माझ्या मुठीपेक्षा बोटभर लांब. बटण खोबणीत बसवलेलं, त्यामुळे अंगठ्याने नीट दाबल्याशिवाय सरकत नाही. शेपटाला कडी, तिच्यात नाडी ओवून गाठ मारता येते. वाकले, बसले, उठले, जिथे खोचली तिथेच. साडेतीन रुपये, सेल धरून. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"काळोखात बघल्याशिवाय मी काय सांगूचंय नाय," त्या म्हणाल्या.

रास्त होतं. भर उन्हात बॅटरी पसंत करणं म्हणजे चव न घेता आमटी गोड म्हणणं. आणि भर दिवसा काळोख कुठे मिळेल ह्याचा विचार मी आधीच केला होता. बोरिवलीजवळ कान्हेरीची लेणी आहेत. डोंगरात कोरलेल्या खोल्या, आत दुपारीही अंधार. रात्र अंधेरीला वन्सांकडे काढायची, सकाळी कान्हेरी, संध्याकाळी घरी.

घाटकोपर ते अंधेरी बसने गेलो. ह्या वाटेने जाणार असाल तर खिडकीजवळची जागा सोडून द्या, धूळ फार. साकीनाक्यापुढे भातखाचरं कोरडी पडलेली, मध्येच म्हशींचे गोठे, मरोळला चर्चपाशी बस बराच वेळ उभी. सासूबाई सगळा वेळ पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. बॅटरी त्यांच्याच ताब्यात होती. परीक्षकाकडेच राहू दे, मी म्हटलं.

वन्सांकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वन्सांनी देवापुढे निरांजन लावलं. सासूबाईंनी पिशवीतून बॅटरी काढली, पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, मला बटण सरकवायला लावलं आणि हात जोडले. मला हसू आलं, बरंही वाटलं. म्हटलं, पूजा झाली म्हणजे पसंतीच्या वाटेला लागली. मग मी आणि वन्सं भाजी आणायला बाजारात गेलो, वाटेत त्यांच्या दोन मैत्रिणी भेटल्या, यायला चांगला उशीर झाला. आलो तेव्हा बॅटरी पिशवीत गेली होती आणि सासूबाई दिव्याखाली तांदूळ निवडत बसल्या होत्या.

रविवारी सकाळी गाडीने बोरिवली. स्टेशनाबाहेर टांगेवाला दोन रुपये म्हणाला, सव्वावर आला, आणि डोंगराच्या पायथ्याच्या अलीकडेच "पुढे घोडा चढत नाय" म्हणून त्याने आम्हाला उतरवलं. पुढे चालत. वाटेवर एक वारली बाई ताडगोळे सोलून देत होती, आण्याला चार. एप्रिलात जाणार असाल तर हे ताडगोळे चुकवू नका, आणि पाणी घरूनच न्या. सासूबाई चढणीला माझ्या पुढे होत्या. फक्त जिथे झाडांची सावली दाट होती तिथे त्या थांबत, आणि मी पुढे गेले की माझ्या मागून येत. मला वाटलं, दमल्या असतील.

लेण्यांपाशी वर आलं की कातळ असा तापलेला असतो की चपलेतून चटका लागतो. मी दोन-तीन खोल्या बघितल्या आणि एक निवडली. बाहेर ओसरी, आत दालन, दालनाच्या कोपऱ्यात ठेंगणं दार आणि त्यापलीकडे आणखी एक खोली. वटवाघळांचा वास येत होता. मी बटण सरकवलं. उजेड चांगला पडला. बॅटरी सासूबाईंच्या हातात दिली.

"मी एकटीच बघतंय. तू हयच रव," म्हणाल्या आणि वाकून आत गेल्या.

मी दालनाबाहेर ओसरीवर उभी राहिले. दाराच्या भोकातून पिवळा उजेड हलताना दिसत होता. मग तो तांबूस झाला. मग गेला. आधी वाटलं, बटण दाबलं असेल. तेवढ्यात आतून हाक आली.

"सुमे!"

लग्नानंतरच्या चार वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. मी धावले, आणि दारातून आत शिरल्याबरोबर आंधळी झाले. बाहेरच्या उन्हातून आलेल्याला आत डोळ्यांपुढे काही नसतं. पण ह्याची मला सवय आहे. चरात पडल्यानंतर मी चालायची पद्धतच बदलली होती. एक हात भिंतीला, पाऊल आधी सरकवायचं, जमीन आहे हे कळलं की मगच भार टाकायचा, आणि पावलं मोठ्याने मोजायची. मोजलं की पाय घाबरत नाहीत. "आई, हलू नका. मी येतेय. एक. दोन. तीन." नवव्या पावलाला त्यांचा हात लागला. घामाने भिजला होता.

"आता माझ्याबरोबर मोजा. उजवा हात भिंतीला ठेवा."

"माका इसापर्यंतच येता."

"पुरेत. नऊच लागतात."

आम्ही दोघी मोजत बाहेर आलो.

ओसरीवर बसल्यावर मात्र माझा राग उसळला. काल घेतलेली बॅटरी आज कशी मरते? मी विचारलं, काल संध्याकाळी आम्ही गेल्यावर काय केलंत? त्या म्हणाल्या, "काय नाय. पेटती ठेवली. शांत झाली, मगे पिशयेत घातली."

"एवढा वेळ पेटती ठेवली? बंद का नाही केली?"

"गो बाय, हात जोडलेलो दिवो आपल्या हातान कसो मालवतलंय?"

मी बोलू नये ते बोलले. "माझा वर्ग बंद पाडायला केलंत ना हे?" असं तोंडावर म्हटलं. दिवा मालवताना आमच्या घरात कुणी "विझव" असा शब्दही काढत नाही, "शांत कर" म्हणतात, तेही गृहिणीने पदराने. हे सगळं मला माहीत होतं. बटणाचा दिवा त्यांच्या लेखी दिवाच होता, आणि तो देवापुढे लावला होता. सेल संपले, रात्रभर विसावले, सकाळी त्यांच्यात थोडी धुगधुगी आली होती, तेवढीच आत संपली. चूक झाली असेल तर माझी, मी बाजारात गप्पा मारत बसले. मला फार लाज वाटली. मी म्हटलं, "चुकले मी, आई."

सासूबाई समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाल्या, "आत माका काय दिसला नाय. ती पेटली होती तवांय नाय."

दोन वर्षं झाली होती. उजेड कमी झाला की त्यांना सगळं धुरकट, आणि अंधारात काहीच नाही. संध्याकाळनंतर त्या मोरीपर्यंतही भिंत धरून जात होत्या, आणि आम्हाला वाटायचं की गुडघे दुखत असतील. "कोणाक सांगू नको," त्या म्हणाल्या. "मगे माका एकटी गावाक धाडूचे नाय. चुलीकडेय बसवूचे नाय." मी शब्द दिला.

बोरिवलीला सहा आण्यांचे सेल घेतले. दादरला गाडी बदलून मुलुंडला येईपर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. आई नाही म्हणाल्या तर वर्ग बंद. मला फक्त ह्यांच्यापुढे एवढंच म्हणायचं होतं की ज्यांना दिसत नाही त्यांना विचारून काय उपयोग. एका वाक्यात मी जिंकले असते. पण शब्द दिला होता, आणि तो हात किती भिजला होता हे मला माहीत होतं. अकरा जणींना काय सांगायचं ते मी गाडीतच ठरवायला घेतलं. चाळीत नाही तर आमच्या ओटीवर, दुपारी, भांडी झाल्यावर. जमेल तशी, पण शिकवीन.

घरी जेवताना ह्यांनी विचारलंच. "काय आई, पडली का पसंत?"

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "नाय."

"मी म्हटलंच होतं," हे म्हणाले. "मग ठरलं तर. वर्ग बंद."

"वर्ग कित्याक बंद?" त्या म्हणाल्या. "माझी पसंती कसली घेतंस? माका काळोखात दिसना नाय, दोन वर्सां झाली. माका दिसना नाय म्हणान माका वाटला, कोणाकच दिसना नाय."

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मी पाणी वाढायला उठले, कारण मला रडू येत होतं आणि ते ह्यांना दाखवायचं नव्हतं.

"हिका दिसता," त्या म्हणाल्या. "बॅटरी नसली तरी दिसता. जाऊ दे तिका."

सोमवारी सहा वाजता मी बॅटरी कमरेला खोचली आणि वर्गाला निघाले. मंगळवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.