तळमजल्यावरचं बाक

लीलाबाई जमदाडे गाव सोडून सांगलीत राहायला आली ती मुलीच्या शिक्षणासाठी. शालनला तिसऱ्या वर्षी ताप आला आणि पोलिओनं तिचा डावा पाय नेला. मांडीपासून लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी, अशा पोरीनं रोज एस.टी.नं कॉलेजला कसं यायचं? नवरा हंबीरराव पलटणीत, वर्षातून दोन महिने घरी. लीलाबाईनं ऊस दिराच्या स्वाधीन केला आणि कॉलेजजवळच्या बोळात एक खोली घेतली.

खोली बघून दिली भाऊसो जमदाड्यांनी. ते त्याच कॉलेजात हेडक्लार्क होते आणि बोळातच चार घरं पलीकडं राहत. त्यांचा आणि हंबीररावांचा पणजोबा एक. गावात कुणी गेलं की दोन्ही घरांना सुतक लागायचं, दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडं जायची. भाऊसोंची विमल संध्याकाळी शालनकडं इंग्रजी शिकायला यायची आणि जाताना तिच्या बुटाचे पट्टे सैल करून द्यायची.

चौऱ्याहत्तर साली शालन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वर्ग जुन्या इमारतीत खालीच भरत, पण परीक्षेचा हॉल नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. पायऱ्या चोपन्न. लीलाबाईनं फेब्रुवारीतच शालनकडून अर्ज लिहून घेतला, की मुलीची बैठक तळमजल्यावर द्यावी. प्राचार्यांनी तो वाचल्यासारखं केलं आणि ऑफिसात द्या म्हणाले. ऑफिसात भाऊसो बसले होते. घरी ते तिला वयनी म्हणत. तिथं बाई म्हणाले.

"बाई, एका पोरीसाठी खाली खोली उघडायची, वेगळा सुपरवायझर बसवायचा? नियमात बसत नाही हे."

"भावजी, घरचीच पोर हाय."

"ऑफिसात भावकी नसते. उद्या लोक म्हणतील, जमदाड्यानं आपली पोरगी खाली बसवून कॉप्या पुरवल्या."

एवढ्यावर थांबले असते तरी लीलाबाईनं गिळलं असतं. पण ती दाराबाहेर पडता पडता ते शेजारच्या टेबलाला म्हणाले, की चढता येत नसेल तर पापड लाटावेत, बी.ए. कशाला हवं. दोन कारकून हसले. लीलाबाईनं ते हसणं पाठीवर घेतलं आणि घरी आली.

परीक्षेला शालन उघड्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून चढली. पाठ वरच्या पायरीला, दोन्ही तळहात टेकायचे, अंग वर उचलायचं, मग बूट ओढायचा. पोरं कडेनं जात. काहीजण थांबून बघत, आणि ते जास्त वाईट होतं. पहिल्या पेपराला ती वीस मिनिटं उशिरा पोचली, दुसऱ्याला पंचवीस. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वळणावर कुबडी सुटून खाली गेली. ती परत हातात येऊन शालन वर पोचेपर्यंत अर्ध्या तासावर पाच मिनिटं झाली होती. अर्ध्या तासानंतर आत घेत नसत. जशी चढली तशीच ती उतरली. पालकांना फाटकाच्या आत सोडत नव्हते, म्हणून लीलाबाईनं हे सगळं फाटकाच्या गजांतून पाहिलं. खालच्या व्हरांड्यात भाऊसो उभे होते. त्यांनीही पाहिलं, आणि ते आत गेले.

शालनच्या तळहातांची सालं निघाली होती. लीलाबाईनं हळद आणि लोणी लावलं. तोंडातून एक शब्द काढला नाही. शालनला वाटलं, आई खचली. आई खचली नव्हती. ती त्या दिवसापासून भाऊसोंच्या घराकडं, शेतकरी ढगाकडं बघतो तशी बघत होती.

निकालात शालन नापास. शिक्षिका व्हायचं तिच्या मनात होतं आणि त्यासाठी ऑक्टोबरची परीक्षा पुन्हा द्यावी लागणार होती. लीलाबाईनं दुसरा अर्ज दिला. भाऊसो म्हणाले, बघू. सप्टेंबर संपला तरी ते बघतच होते. शालननं सांगून टाकलं, की बैठक वरच असेल तर ती बसणार नाही, आता पुन्हा लोकांपुढं सरपटणार नाही.

पितृपंधरवडा संपला आणि विमलला स्थळ आलं. मलकापूरचा सयाजी, पलटणीत नाईक. सुट्टीवर आला होता, आणि सुट्टी संपायच्या आत, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरायचा होता. मुलगी पसंत पडली, पत्रिका जुळली. राहिली फक्त चौकशी. आमच्याकडं मुलीच्या घरात बसून कुणी खरं विचारत नाही, शेजारी पाणी मागायला म्हणून जातात. तशी सयाजीची आई अंबूबाई एका दुपारी बोळात आली, आणि तिनं जे दार वाजवलं ते लीलाबाईचं होतं.

लीलाबाईनं पाणी दिलं, गूळ दिला. अंबूबाईनं भिंतीवरचा हंबीररावांचा पलटणीतला फोटो बघितला, खालचं आडनाव कुणाकडून तरी वाचून घ्यावं म्हणून इकडं तिकडं पाहिलं. आतून शालन ते वाचायला बाहेर आली. लोखंड फरशीवर वाजलं.

शालन आत गेल्यावर अंबूबाई हळूच म्हणाली, "तुमीबी जमदाडे? आन् त्येबी जमदाडे?"

"एकच घर हाय, मावशी," लीलाबाई म्हणाली. "सुतक एक."

"पोरीचा पाय..."

"काय करायचं. हाय ते हाय."

"आनी कुणाचं हाय का घराण्यात असं?"

लीलाबाईनं पदर सारखा केला. तिनं एवढंच सांगायला हवं होतं, की पाय तापात गेला, तीन वर्षांची असताना. ती म्हणाली, "आता घराण्याचं मी सून कशाला बोलू?"

अंबूबाईनं पाणी संपवलं नाही. उठली.

आठवडाभर मलकापूरहून निरोप आला नाही. मग मध्यस्थानं भाऊसोंना कानात सांगितलं, की घराण्यात पांगळेपण आहे असं कळलंय, पुढं लेकरं कशी होतील याचा घोर त्यांना लागलाय. कुठून कळलं हे विचारायची गरज भाऊसोंना पडली नाही. ते संध्याकाळी बायकोला घेऊन लीलाबाईच्या दारात आले. चपला काढल्या.

"वयनी, शालनला ताप आला होता हे सगळ्या गावाला माहीत हाय."

"हाय की."

"मग तुमी मलकापूरवाल्यांना..."

"मी काय खोटं बोलले ते सांगा, भावजी. आपलं घर एक न्हाई? का भावकी नुसती सुतकाला?"

भाऊसोंची बायको रडायला लागली. तिनं लीलाबाईचे हात धरले. लीलाबाईनं ते हळूच सोडवून घेतले आणि भाऊसोंना म्हणाली, की शालनची बैठक खाली लावा. तोंडी नको. प्राचार्यांच्या सहीचा कागद पाहिजे, आणि त्यात असं पाहिजे, की ज्याला चढता येत नाही त्याला दरवर्षी खाली बसवायचं. मग ती मलकापूरला जाऊन तापाचं सांगेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता कागद आला. जो नियम आठ महिने सापडत नव्हता तो दोन तासांत टाइप झाला होता.

"आता मलकापूरला कधी जाताय?" भाऊसोंनी विचारलं.

"शेवटचा पेपर झाला की."

"वयनी, सयाजीची सुट्टी संपत आली. ते लोक थांबायचे नाहीत."

"आमचे पेपर सहाच हायत."

आपण आधी गेलो तर हा माणूस बाक परत वर नेईल, असं ती शालनला म्हणाली. ते खरंही होतं. पण शालन मूर्ख नव्हती. तिनं आईला विचारलं, मला ताप आला होता हे त्या बाईला का सांगितलं नाहीस. लीलाबाई म्हणाली, "तिनं तापाचं इचारलं न्हाई."

"तुला सूड उगवायचा होता तर माझाच पाय घावला व्हय? विमलनं काय केलंय तुझं?"

"विमलच्या बापानं केलंय."

"मग कागद मिळाला. आज जा मलकापूरला."

लीलाबाई चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली. ती गेली नाही.

पहिल्या पेपराच्या सकाळी शिपाई गावाला गेला होता, म्हणून बाक भाऊसोंनाच उचलून आणावं लागलं. त्या दिवशी नव्या कागदामुळं लीलाबाईला फाटकातून आत सोडलं होतं. हेडक्लार्क घामाघूम होऊन बाकाचं एक टोक ओढत आले, दुसरं टोक एका कारकुनानं धरलं होतं. फेब्रुवारीत हसलेल्या दोघांतला तो एक. त्यांनी बाक भिंतीशी लावलं.

"तिथं न्हाई," लीलाबाई दारातून म्हणाली. "खिडकीपाशी लावा. उजेड पायजे."

त्यांनी ते उचलून खिडकीपाशी नेलं. तिला इतकं बरं वाटलं, की आणखी एकदा हलवायला लावावं असं मनात आलं. शालन खाली मान घालून जागेवर बसली. तिनं आईकडं पाहिलं नाही.

सहा पेपर अकरा दिवस चालले. दर संध्याकाळी भाऊसो आपल्या दारात उभे राहून बोळाच्या या टोकाकडं बघत. विमल शिकायला यायची बंद झाली होती.

शेवटच्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी लीलाबाई शब्द पाळून एस.टी.त बसली. इस्लामपूरला गाडी बराच वेळ थांबली, तिनं घाई केली नाही. मलकापूरला अंबूबाईनं तिला ओळखलं, चहा टाकला. लीलाबाईनं सगळं नीट सांगितलं. ताप, दवाखाना, घराण्यात दुसरं कुणी नाही, विमल हातापायानं धड, कामाला वाघीण, जिभेला गोड. एवढी स्तुती तिनं स्वतःच्या मुलीचीही कधी केली नव्हती.

अंबूबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, चार दिस आधी आला असता तर. परवाच बेलवड्याची पोरगी ठरवली. सुपारी फुटली."

लीलाबाईनं चहा संपवला.

बोळात परतल्यावर ती आधी भाऊसोंच्या दारात गेली आणि उभ्यानंच सांगितलं. आतल्या दाराआड विमल उभी होती. तिच्या पायाची बोटं तेवढी दिसत होती. लीलाबाईनं ती बोटं बघितली आणि घरी आली.

शालननं तिचा चेहरा पाहून काय ते ओळखलं. कुबडी घेतली आणि इंग्रजीचं पुस्तक काखेत मारून बाहेर पडली. आजवर विमलच यायची, शालन तिच्याकडं कधी गेली नव्हती, कारण त्या घराला चार पायऱ्या होत्या. लीलाबाई दारात आली. शालन पहिल्या पायरीवर बसली, हात टेकले, अंग वर उचललं. लीलाबाईचा पाय पुढं पडला, पण शालननं मान वळवून तिच्याकडं असं बघितलं, की ती होती तिथंच थांबली.