फक्त हुक लावायचे राहिलेत

"मॅडम, तुमचं ते आधी बंद करा. सगळ्या बायका वेळेवर आल्यात."

फोनवर वसंतीताई होत्या. सिस्टिम स्लो आहे, प्रिंट निघत नाही, पासवर्ड विसरलो, अशा तक्रारींची मला सवय आहे. गिऱ्हाईक वेळेवर आलं ही तक्रार मात्र मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मागे इतका गलका होता की पुढचं काही कळेना. "मी येते," म्हटलं आणि स्कूटर काढली.

माझा धंदा थोडक्यात सांगते. नाशिकमधल्या छोट्या व्यावसायिकांसाठी मी सॉफ्टवेअर बनवते. बाजारात तयार मिळतं ते रेडिमेड कपड्यासारखं असतं, खांद्यात बसलं तर कमरेत ढगळ. आम्ही आधी धंद्याचं माप घेतो आणि मग त्याला बेतून देतो. त्यालाच कस्टम सॉफ्टवेअर म्हणतात. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. वसंतीताईंना ऐकवलं तेव्हा त्या तोंडातली टाचणी काढून म्हणाल्या, "मग ट्रायलला कधी येऊ?"

वसंतीताईंचं ब्लाउज शिवायचं दुकान गंगापूर रोडवरच्या एका गल्लीत आहे. कापायला सलीम मास्तर, मशीनवर तीन-चार कारागीर आणि काउंटरवर स्वतः ताई. त्यांच्या हातचा ब्लाउज एकदा अंगाला लागला की बाई दुसरीकडे जात नाही, मग ती सिन्नरला राहो की नांदगावला. तक्रार एकच. दिलेल्या तारखेला ब्लाउज कधी मिळत नाही.

सॉफ्टवेअरची हौस ताईंची नव्हती, त्यांच्या सुनेची होती. प्राजक्ता बी.कॉम. झालेली, हुशार आणि चटपटीत. दुकानातला फोन दिवसभर खणखणतो, सासूबाई सुई सोडून फोनच घेत बसतात, हे तिला बघवत नव्हतं. तिची मागणी सरळ होती. काउंटरवर कापडाचा फोटो काढायचा, माप टाकायचं, तारीख टाकायची आणि आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज गेला पाहिजे. म्हणजे कुणाला फोन करायची गरजच उरणार नाही. सासूबाईंना तिने महिनाभर पटवलं होतं. "हे नाही चाललं तर पुन्हा काही सुचवणार नाही," असंही बोलून बसली होती. आपली सून खरंच गप्प बसेल यावर ताईंचा विश्वास नव्हता, पण त्या हो म्हणाल्या.

मी दुकानात बसून सगळं विचारून घेतलं. याला आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो, म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवंय ते नीट समजून घेणं. तारीख कशी ठरवता, असंही विचारलं. ताई म्हणाल्या, "बाई विचारते, मी सांगते." मी तसंच लिहून घेतलं.

मेसेज फार गोड होता. प्राजक्तानेच लिहिला होता. 'नमस्कार. आपला ब्लाउज उद्या तयार मिळेल. फोन करण्याची तसदी घेऊ नये.'

तर त्या गुरुवारी मी दुकानात पोचले. लग्नसराई ऐन भरात होती. पायरीवर बायका, आत बायका, मास्तरांच्या कापायच्या टेबलाला टेकून बायका. प्रत्येकीने मोबाइल ओळखपत्र दाखवल्यासारखा समोर धरला होता. प्राजक्ता काउंटरमागे उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. सलीम मास्तर एका कोपऱ्यात शांतपणे चहा पीत होते. एवढ्या गर्दीत कापायला जागाच नव्हती, त्यामुळे त्यांचा नाइलाज होता.

"सगळ्यांना गुरुवार कसा काय दिला?" मी ताईंना हळूच विचारलं.

"सगळ्यांना गुरुवारच देते मी. नाहीतर कुठला वार देऊ?"

मग गर्दीतच उभ्याने त्यांनी मला त्यांच्या दुकानाची खरी पद्धत सांगितली. ही मला आधी का नाही सांगितली, असं विचारल्यावर म्हणाल्या, यात सांगण्यासारखं काय आहे, सगळ्यांना माहीत असतं.

पद्धत अशी. बाई येते आणि लग्नाची तारीख आठवडाभर अलीकडची सांगते, कारण शिंपी उशीर करणार हे तिला माहीत असतं. ताई गुरुवार सांगतात, कारण बाई खोटं सांगतेय हे त्यांना माहीत असतं. मग फोन सुरू होतात. पहिल्या फोनला ताई म्हणतात, "होतोय हो." म्हणजे कापड अजून पिशवीतच आहे. दुसऱ्या फोनला म्हणतात, "फक्त हुक लावायचे राहिलेत." म्हणजे पिशवी सापडली आहे. तिसरा फोन आला, आणि बाईच्या आवाजात कंप असला, की ताई मास्तरांना हाक मारतात आणि ब्लाउज खरोखर कापायला जातो. जी फोन करत नाही तिला घाई नाही. तिचा ब्लाउज लग्नसराई संपल्यावर निवांत होतो आणि तिचीही काही तक्रार नसते.

कोणतं काम आधी घ्यायचं हे ठरवण्याला आमच्याकडे प्रायॉरिटी लावणं म्हणतात. त्यासाठी मोठ्या कंपन्या मीटिंगा घेतात. ताईंची प्रायॉरिटी त्या फोनवर चालत होती आणि आम्ही नेमके फोनच बंद केले होते. मेसेज गेल्यापासून दुकानात एकही फोन नाही. प्राजक्ता खूश होती. मास्तरांनी विचारलं, "आधी कोणाचं घेऊ?" ताईंना सांगता येईना. शेवटी म्हणाल्या, ढिगाच्या वरून घ्या. मास्तरांनी वरून घेतलं. म्हणजे जिने काल कापड टाकलं तिचा ब्लाउज तयार, आणि जिने सगळ्यांत आधी टाकलं तिचं कापड तळाशी.

तळाशी कोणाचं कापड होतं ते तेवढ्यात कळलं. एक मुलगी गर्दीतून वाट काढत पुढे आली. नांदगावची, शाळेत शिक्षिका. सकाळच्या एसटीने आली होती. तिने आवाज चढवला नाही. मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "काकू, उद्या सकाळी विहारात लग्न आहे माझं. पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज. यात तयार मिळेल असं लिहिलंय."

"अगं, मग फोन नाही का करायचास?"

"फोन करू नये असंही लिहिलंय."

ताईंनी ढिगाच्या तळातून पिशवी ओढून काढली. आत मापाचा जुना ब्लाउज आणि पांढरं कापड, कापडाला कात्री लागलेलीच नव्हती. मुलगी त्या कापडाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने ओढणीने टिपलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका वेळ मला आतून हसू येत होतं, ते पार विरून गेलं. या मुलीने खरी तारीख सांगितली होती, लवकर कापड दिलं होतं, सूचना पाळली होती, आणि म्हणूनच तिची सगळ्यांत मोठी पंचाईत झाली होती.

मास्तर चहाचा कप ठेवून उठले. पण टेबल मोकळं व्हायला हवं होतं, मशीनही. आणि दुकानातल्या प्रत्येक बाईने काउंटरवर 'लग्न शुक्रवारी' असंच सांगितलेलं होतं. प्राजक्ताने टॅबलेट माझ्याकडे वळवला. सगळ्या नावांपुढे 'अर्जंट'.

ताई स्टुलावर चढल्या. पांढरं कापड सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"या पोरीचं लग्न उद्या आहे, आणि ब्लाउज असा आहे. आता खरं सांगा. उद्या कोणाकोणाला घालायचाय?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग सिन्नरहून आलेल्या एक मावशी पदर सावरत म्हणाल्या, "माझ्या लेकीचं लगीन पुढल्या रविवारी हाय. मी आधीचं सांगितलं. नायतर तुम्ही देत नाय."

मग बांध फुटला. कुणाचं पंधरा दिवसांनी, कुणाचा नुसता साखरपुडा. एकीच्या घरी तर लग्नच नव्हतं. तिला भिशीला घालायचा होता. बायका आधी खजील झाल्या आणि मग हसत सुटल्या. थोड्या वेळात टेबल मोकळं झालं. उद्याची खरी घाई असलेल्या, नांदगावच्या मुलीसकट, तिघीच उरल्या.

मास्तरांनी पांढरं कापड पसरलं. एका मशीनवर ताई स्वतः बसल्या, बाकीच्या दोघींचे ब्लाउज कारागिरांनी घेतले. सिन्नरच्या मावशी गेल्याच नाहीत. पुढची बस दुपारी आहे म्हणाल्या आणि सुई मागून घेतली. प्राजक्ताने टॅबलेट बाजूला ठेवला आणि काजं करायला बसली. मला शिवता येत नाही, म्हणून मी मुलीला उपमा खायला घालून आणलं. दुपारी तिने ब्लाउज अंगात घालून आरशात पाहिलं. मागून पुढून पाहिलं. मग ताईंना वाकून नमस्कार केला. शेवटचे हुक मावशींनी लावले होते. त्या दुकानात 'फक्त हुक राहिलेत' हे वाक्य पहिल्यांदा खरं ठरलं ते त्या दिवशी.

गर्दी ओसरल्यावर मी ताईंना म्हटलं, तुमची पद्धत मला आधी ओळखू यायला हवी होती.

"यायलाच हवी होती. तुम्हीही मला महिनाभर 'फक्त टेस्टिंग राहिलंय' सांगत होतात. मी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तुम्ही कामाला लागलात. कळत नाही का मला?"

मी लॅपटॉप उघडला.

मग सुधारणा सुरू झाल्या. आधी मेसेजमध्ये विचारून पाहिलं, की ब्लाउज खरंच कधी हवाय. सगळ्यांनी 'उद्या' दाबलं. ते काढून टाकलं. शेवटी जे बसलं ते असं. तारखेच्या तीन दिवस आधी मेसेज जातो, 'ब्लाउजसाठी एकदा दुकानात फोन करावा.' फोन आला की तो नावापुढे नोंदला जातो. जिचे फोन जास्त तिचं नाव वर चढतं, आणि मास्तर वरून घेतात. आवाजातला कंप नोंदायला मात्र एक वेगळं बटण द्यावं लागलं. ते फक्त ताई दाबतात. प्राजक्ताने आता शेजारच्या इस्त्रीवाल्यालाही सॉफ्टवेअर घ्यायला सुचवलंय.

मी यातून एवढंच शिकले, की कुठल्याही धंद्यातली कटकट काढून टाकण्याआधी ती कटकट काय काम करते ते विचारून घ्यावं.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी मीही तिथे कापड टाकलं. लग्न आठवडाभर अलीकडचं सांगितलं. ताईंनी गुरुवार दिला. वेळेवर माझ्याच सॉफ्टवेअरचा मेसेज आला आणि मी फोन केला. "होतोय हो," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

"झालाच आहे हो मॅडम. फक्त हुक लावायचे राहिलेत."

त्यांची सिस्टिम माझ्या लॅपटॉपवरही उघडते. माझ्या नावापुढे कापडाचा फोटो होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'कापायचा आहे'. मी लॅपटॉप मिटला, घसा खाकरला, आवाजात थोडा कंप आणला आणि पुन्हा फोन लावला.