दुसऱ्याच्या वाटणीचा राग

ग्वाल्हेरला जायची गाडी दादाने सकाळी फोन करून रद्द केली. दुपारी आई गेली.

तिला ग्वाल्हेरच्या मोठ्या इस्पितळात हलवा, असं झाशीतल्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्या सकाळी फोन ठेवून दादा म्हणाला, आज जरा बरी दिसते आहे, उद्या बघू. मी उशाशी बसून ते ऐकलं. आमच्या घरात असले निर्णय दादा घेतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, लग्न केलेलं नाही आणि त्याच्याच घरी राहते.

दहाव्याला बेतवेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. आमची ही रीत इथल्या पंडितजींना नवी होती, ते सारखे घड्याळ बघत, "भैया, अब चलें?" म्हणत होते. शेवटी दादाने हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "आई, हिची काळजी करू नकोस. हिला मी सांभाळीन." कावळा आला. बायकांनी डोळे पुसले आणि दादा माझा पालक झाला. सगळ्यांसमोर असा शब्द देणाऱ्याला मी काय विचारणार होते? आईचा जीव तुझ्यात अडकला होता, असं नातेवाईक मला समजावत. तो त्या न आलेल्या गाडीत अडकला होता, हे मी मनातच ठेवलं.

माझी झोप उडाली तेव्हा एका मैत्रिणीने प्रेम नगरातल्या मानसोपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. दर गुरुवारी जायचं ठरलं. जाण्याआधी मी त्यांच्या विद्येची पुस्तकं वाचून काढली. माणूस आपल्या जुन्या नात्यांतली माणसं उपचार करणाऱ्याच्या जागी बसवतो आणि त्यांच्याशी राहून गेलेलं भांडण त्याच्याशी भांडतो, असं त्यांत होतं. मला ते पटलं, म्हणजे इतरांच्या बाबतीत.

पहिल्या काही गुरुवारी मी बाईंना आईच्या उशाशी बसून काढलेल्या दिवसांचं सांगितलं, गाडीचं नाही. मग एका गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला. ताप होता, आज येऊ नका म्हणाल्या. पुढच्या वेळी मी ठरवून गप्प बसले. त्यांनी झोपेचं विचारलं, मी पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी शोकाविषयी काही सांगितलं, तेव्हा मी शांतपणे म्हणाले की हे मूळ पुस्तकात असं नाही, आपण बहुतेक सारांश वाचला असेल. त्यानंतरच्या गुरुवारीही तेच. बाई हातातलं पेन फिरवू लागल्या की मला बरं वाटे. बाहेर पडल्यावर चक्क भूक लागे. कोपऱ्यावर उभी राहून मी कचोरी खाई.

मग एकदा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आपके सामने बैठकर मुझे लगता है, मैं कुछ कर ही नहीं सकती," त्या म्हणाल्या. "शायद आप मुझे दिखा रही हैं कि माँ के पास बैठकर आपको कैसा लगा था."

मी पुन्हा पडद्याकडे वळले.

"सुबह फ़ोन करके मना मैंने किया था. मुझसे पहले किसने किया था?"

"दादाने," मी म्हणाले. मराठीत. त्यांना कळलं.

रडू आलं नाही. राग आला, आणि त्यात बाईंचा वाटा किती थोडा आहे ते दिसलं. मी विचारलं, आता दादाला माफ करायला सांगणार का? असं मी म्हटलेलं नाही, त्या म्हणाल्या. म्हणून मी पुढच्या गुरुवारीही गेले.

रविवारी दादा पेपर वाचत होता, वहिनी मेथी निवडत होत्या.

"गाडी तू रद्द केलीस," मी म्हणाले. "आई तिथे पोचली असती तर वाचली असती का, मला माहीत नाही. तुलाही ते कधी कळू नये, असं मला वाटतं."

त्याने पेपराचं पान उलटलं. मग म्हणाला, "तुला सांभाळतोय ना मी?"

"मला सांभाळ असं आई म्हणाली नव्हती. ते तू कावळ्याला सांगितलंस."

वहिनींचा हात थांबला. दादाने पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पण वाचला नाही. मला त्याचा चेहरा बघायचा होता. मी बघितला.

आता तो माझ्याशी जेवणापुरतं बोलतो. घर मी सोडलेलं नाही. गुरुवारी जाते, बाईंचा राग आला तर तो त्यांना सांगते. दादाला मी माफ केलेलं नाही.