देवाजीच्या फोटोमागची भिंत

खुर्सीपारच्या गल्लीतलं रुक्माबाईचं घर म्हणजे भट्टीतून काढून टाकलेल्या विटांच्या भिंती आणि वर पत्रे. विटा तिच्या नवऱ्यानं, देवाजीनं आणल्या होत्या. तो पोलादाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. ड्यूटी सुटली की सायकलला थोड्या विटा बांधून आणायचा. "टॅक्स लागला की मंग हे घर," तो म्हणायचा, "तवर झोपडं." टॅक्स लागायच्या आधीच तो गेला.

मागची भिंत तिची आणि शेजारच्या नलूची एकच. ती कलली होती, मधोमध हात जाईल एवढी भेग पडली होती.

पालिकेचा माणूस घरं पाहायला येणार असं कळलं. जे घर राहण्याजोगं नाही असं ठरेल त्याला कर लागणार नव्हता आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे खोली मिळणार होती. रुक्माबाईनं सकाळीच चुना कालवला. घरी कोणी येणार म्हटलं की तिचे हात आपोआप भिंतीकडे जात.

नलू दारातच थबकली. "कावून वो रुक्माबाई, पोरगी पाहाले पाहुणे येऊन राहिले का?"

"सरकारी माणूस येते. घाण दाखवू का त्याले?"

"अवं, भेगाच तर दाखवाच्या आहेत! मी तिकडून पोपडे पाडून राहिली अन् तू इकडून चुना फासून राहिली. एकच भिंत आहे न माय आपली!"

मोठी भेग चुन्यानं बुजली नाही. तिच्यावर रुक्माबाईनं देवाजीचा फोटो टांगला.

माणूस आला. तरुण होता, घाईत होता. "अम्मा, घर रहने लायक है?"

नलू त्याच्या मागून खुणा करत होती. फोटो नुसता उचलायचा होता. रुक्माबाईनं फोटोतल्या देवाजीकडे पाहिलं, आणि त्याच्यासमोर घर राहण्याजोगं नाही असं तिला बोलवेना.

"है ना साहेब," ती फोटोकडे बोट करून म्हणाली. "इनोनेच बांधा."

"चूल्हा यहीं जलता है? सोते भी यहीं हो? तो टैक्स लगेगा."

"लगाव," ती म्हणाली, आणि चहा ठेवला.

नलूचं घर राहण्याजोगं नाही असं ठरलं, तिला लांब जुनवानीकडे खोली मिळाली. तिचं घर पाडलं, तेव्हा भिंतीचा पलीकडचा आधार गेला. बाहेरच्या अंगाला आता नलूच्या चुलीची काजळी उन्हात दिसायची.

भिंत पडेल म्हणून घाबरून रुक्माबाई पालिकेच्या कार्यालयात गेली, आपलंही घर राहण्याजोगं नाही असं सांगायला. खिडकीतल्या बाबूनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर्वे तो हो गया, अम्मा. अब माफी खाली घर को है. घर छोड़ो, चूल्हा बंद करो, फिर अर्जी दो. जब तक रहते हो, रहने लायक ही मानेंगे."

"अन् जाऊ कुठं?"

बाबूनं रांगेतल्या पुढच्या माणसाकडे पाहिलं.

कर भरल्याची पावती तिनं घरी आणून फोटोसमोर धरली. "घ्या. झालं घर."

भेग वाढून फोटोच्या चौकटीखालून बाहेर आली होती. तिनं फोटो उतरवला, लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. भिंतीबरोबर तोही पडायला नको. खाट दाराशी ओढली. भेग आता पूर्ण उघडी होती. 

मग तिनं चूल पेटवली.