कोठीला न निघणारा रस्ता

आईचा रस्त्यांवर विश्वास होता, माणसांवर नसेल एवढा. तिचा जन्म आणि संसार दोन्ही शहराच्या जुन्या भागात, गौलीगुड्यात झाले, त्यामुळे वाट चुकणं म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी लहान असताना बस स्टँडपाशी गर्दी दिसली की ती माझं मनगट धरून सरळ बाजूच्या गल्लीत शिरायची. तिथून दुसरी, मग तिसरी, कुणाच्या ओट्याला घासून, कुणाच्या वाळत घातलेल्या साड्यांखालून. मी रडकुंडीला आले की म्हणायची, "परेशान होऊ नको गं. चालत राहा. कुठलीही गल्ली घे, कोठीला निघतेच." आणि खरंच आम्ही कोठीच्या बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर बाहेर पडायचो.

वडील गेल्यावर मी तिला शहराच्या पार पश्चिमेला, माझ्या फ्लॅटवर आणलं. मी इथे आले तेव्हा आसपास शेतं होती आणि बांधाबांधाने कुठूनही कुठेही जाता यायचं. मग ज्याने त्याने आपापला तुकडा विकला. प्रत्येक तुकड्यावर एक वसाहत झाली, तिला इथे सगळे वेंचर म्हणतात. प्रत्येक वेंचरला एक कमान, एक गेट, आणि हमरस्त्यापासून निघून आपल्याच मागच्या भिंतीपाशी संपणारा एक रस्ता. फणीचे दात असतात ना, तसं. शेजारच्या दातावर जायचं तर मागे येऊन सगळी फणी फिरायची. ज्याने कुणी याला परवानगी दिली, त्याला एकदा चैत्राच्या उन्हात इथून अनवाणी चालवावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आमच्या बाल्कनीतून मागच्या वेंचरमधली एक बाल्कनी दिसते. तिथल्या बाई नांदेडकडच्या. आईची आणि त्यांची ओळख एका दवाखान्यात झाली, आणि मग रोज सकाळी दोघी एकमेकींना हात हलवू लागल्या. एकदा त्यांनी मुलाच्या हाती डबाभर चटणी पाठवली. आता डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि तो द्यायला स्वतः जायचं असतं. आईच्या लेखी यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. "कैरीची डाळ देऊन येते, समोरच तर आहे," असं सांगून ती गेली. जेवणाची वेळ टळली तरी आली नाही. फोन लावला, तो स्वयंपाकाच्या ओट्यावरच वाजला. त्या बाईंना लावला, तर म्हणाल्या, "इकडे आल्याच नाहीत हो."

नवऱ्याने गाडी काढली, मी स्कूटर. आमच्या गेटवरचा गार्ड म्हणाला, "अम्मा तो कब के गए मॅडम, हात में डब्बा लेके." बाकी प्रत्येक गेटवर एकच प्रश्न, किसके घर जाना है, फ्लॅट नंबर बोलो. मेरी अम्मा गुम हो गई, म्हणून मी ओरडत होते आणि त्यांना नंबर हवा होता. आत पाहावं तर बंद व्हिला, तापलेलं काँक्रीट, सावलीला झाड नाही, आणि शेवटी भिंत. आईला डायबेटिस आहे. मी एका भिंतीला लाथा घातल्या. देवालाही नाही नाही ते बोलले.

तेवढ्यात त्या बाईंचा फोन आला. त्यांना बाल्कनीतून आई दिसली होती. "तुमच्याच भिंतीच्या मागे आहेत, रिकाम्या प्लॉटात, विटांवर बसल्यात!"

मी घरी येऊन आवारातल्या जनरेटरमागच्या भिंतीपाशी धावले. "आई!"

"हौ," भिंतीपलीकडून आवाज आला. "आले बघ मी. पण इथून गल्ली कुठून निघते गं?"

आमच्यात हातभर अंतर होतं. भिंतीवर काचा होत्या आणि त्यावर काटेरी तारांचं वेटोळं. मी पाण्याची बाटली वरून टाकली. "मिळाली का?" "लांब पडली. उठवत नाही मला." नवऱ्याला मागे हमरस्त्यावर जाऊन, रिंग रोडच्या खालून वळून, पलीकडच्या गार्डची समजूत घालून तिथे पोचायचं होतं. तोवर ती जागी राहावी म्हणून मी तिला गौलीगुड्याच्या गल्ल्या विचारत राहिले. ही कुठे जाते, ती कुठे निघते. आधी ती नीट सांगत होती. मग नुसतं हौ, हौ. मग तेही बंद झालं, आणि मी भिंतीवर तळहात आपटत तिला हाका मारत राहिले.

ती वाचली. दवाखान्यात सलाइन लावलं. तिच्या डब्यातली डाळ आंबून गेली होती, सगळ्या खोलीत तो वास. डॉक्टरांनी विचारलं, "हल्ली विसरतात का?" नवरा हळूच म्हणाला, "वय झालंय." मी त्याच्यावर खेकसले. कारण शुद्धीवर आल्यावर आईने मला सगळी वळणं सांगितली होती, कुठे उजवीकडे वळली, कुठे भिंत लागली, कुठून मागे आली. मी ती फोनमधल्या नकाशावर ताडून पाहिली. एकही चुकलेलं नव्हतं. इथे गौलीगुड्यासारख्या गल्ल्या असत्या, तर याच वळणांनी ती बाईंच्या दारात पोचली असती.

घरी आल्यावर मी तिला कागदावर सगळे रस्ते काढून दाखवले. तिने बराच वेळ पाहिलं. "असा रस्ता कोण कशाला बांधेल?" ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू. माझंच डोकं गेलंय, बाई." मी परत परत समजावलं, चिडले, शेवटी रडले. तिला ते पटलं नाही. हल्ली ती बाल्कनीत जात नाही. पलीकडच्या बाई अजून सकाळी येऊन उभ्या राहतात.

काल मी ऑफिसला निघाले तेव्हा ती दारापाशी उभी होती. मला वाटलं खाली येते म्हणतेय, आणि किती दिवसांनी जरा हायसं वाटलं. तिने मूठ उघडली. आत कुलूप होतं.

"बाहेरून लावून जा," ती म्हणाली. "मला अजून वाटतं, चालत राहिलं तर निघेल कोठीला."

मी ते लावलं, आणि सवयीने एकदा ओढून पाहिलं.